बुधवारी चार वाजता यावे

मेलेल्या माणसांना दात दाखवायला बोलावणारा भोरमधला पहिला डॉक्टर मी. दुसरा कोणी होईल असं वाटत नाही.

वास्तविक मी सावध माणूस. पेशंटचे एक्स-रे, कुणाची कुठली दाढ अर्धी कोरून ठेवलीय, सगळं दवाखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये. ते गेलं तर मी आंधळाच. म्हणून रोज संध्याकाळी त्याची नक्कल एका डिस्कवर उतरवायची आणि डिस्क घरी कपाटात ठेवायची. आग लागो, चोरी होवो, दोन्ही एका जागी सापडणार नाहीत. (ही योजना मी कुणी न विचारताही समजावून सांगत असे.)

खंडेनवमीला आई मार्गासनीहून माझ्या हत्यारांची पूजा करायला आली. पाटावर चिमटे, पकडी आणि कॉम्प्युटर मांडून झाल्यावर तिनं विचारलं, "आनि ती घरातली डिस्क? ती बी वरीसभर राबतीच की. तिला न्हाई का मान?"

मला पटलं. मीच घरून डिस्क आणली, दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि समोर नारळ फोडला. नारळ भलताच पाणीदार निघाला! कॉम्प्युटर आणि डिस्क एकदमच गेले.

उरला एक पेन ड्राइव्ह, मार्गासनीच्या घरी विसरलेला, दोन वर्षांपूर्वीची नक्कल असलेला. नव्या कॉम्प्युटरमध्ये तो भरला, नावं दिसू लागली आणि मी पेढे वाटले. पण त्या नकलेच्या लेखी मधली दोन वर्षं झालीच नव्हती. उपचार राहिलेल्या सगळ्यांना कॉम्प्युटरनं मला न विचारता मोबाईलवर निरोप धाडले : 'आपले उपचार अपुरे आहेत. बुधवारी चार वाजता यावे.'

पहिला फोन भोंगवलीहून आला. आवाज अगदी शांत होता. "डॉक्टर, आमच्या तात्यांना बोलावलंय तुमी."

मी म्हटलं, पाठवा की.

"त्यास्नी जाऊन वरीस झालं. कवळी बी संगटच गेली."

मी माफी मागितली आणि घाईनं यादी उघडली. वाचता वाचता थांबलो. यादीत अप्पा होते, माझे वडील. त्यांची दाढ काढायची होती. 'पुढच्या आठवड्यात बघू,' असं मीच म्हणालो होतो आणि पुढचा आठवडा अप्पांना मिळाला नाही. ते अजून सलतं.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. पडद्यावर नाव होतं, 'अप्पा'.

मी उचलला नाही. (मी विज्ञानाचा पदवीधर आहे.)

बुधवारी ढग इतके खाली उतरले, की चारलाच अंधारून आलं. त्यात वीज गेली. बोलावलेल्यांपैकी कुणीच फिरकलं नव्हतं, जिवंतसुद्धा. आणि जिन्यात काठी वाजली. एक पायरी, थांबा, मग पुन्हा काठी. ती काठी मी झोपेतही ओळखली असती. मी पेशंटच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. लपलो म्हटलं तरी चालेल! दार ढकललं गेलं. अप्पांची काठी, अप्पांची कानटोपी आणि खाली नऊवारी.

"फोन केला व्हता, उचलला न्हाईस," आई म्हणाली.

अप्पांचा मोबाईल ती अजून रोज चार्ज करते, हे मला ठाऊकच नव्हतं. ती सावकाश खुर्चीत बसली आणि काठी मांडीवर आडवी ठेवली.

"ह्यांची येळ वाया कशाला घालवायची? म्या बसते. माजी दाढ दोन वरसं ठणकतीया."

मला सांगितलं का नाहीस, म्हणून मी चिडलो.

"तू कवा इचारलंस?"

वीज आली. आता मी तीन नकला ठेवतो, तीन वेगळ्या जागी, आणि पूजेला एकच काढतो. पण त्या दिवशी आईचं नाव शोधलं, तर गेलेले सगळे यादीत हजर आणि आई कुठंच नाही. नाव नव्यानं टाकल्यावर कॉम्प्युटरनं विचारलं, 'ओळखीचे की नवीन पेशंट?'

मी आईकडे न बघता 'नवीन' दाबलं.