हेर्नान तिसऱ्या भागाची वाट पाहतो

माझा धाकटा भाऊ हेर्नान आमच्या रोसारिओ शहरात सोड्याच्या बाटल्या घरोघर पोचवतो. वय बेचाळीस, पाठ मात्र साठीची. गाडीवरून रिकाम्या पेट्या उतरवल्या की तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत अंग टाकतो आणि बूटही न काढता फोनवर 'राखेचं राज्य'च्या तिसऱ्या भागाची बातमी शोधतो. तलवारी, चेटूक आणि ड्रॅगन यांचा तो व्हिडिओ गेम. दोनदा तारीख दिली, दोनदा पुढे ढकलली. आमच्या नगरपालिकेचे रस्तेसुद्धा त्याआधी झाले.

पहिले दोन भाग त्यानं कोलोबरोबर खेळले. कोलो म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. लाल केसांमुळे नाव पडलं ते पडलंच. खरं नाव त्याच्या आईलाही आठवावं लागतं. चार वर्षांपूर्वी तो बायकापोरांना घेऊन समुद्रापलीकडे स्पेनला, व्हालेन्सियाला गेला. इथं कामच उरलं नव्हतं, त्याला तरी काय बोल लावणार? जाताना म्हणाला होता, तिसरा भाग दोन घरांतून एकत्र खेळता येणार आहे, तेव्हा खेळू. सुरुवातीला रोज फोन यायचा. मग रविवारी. मग नाताळ आणि वाढदिवस.

हेर्नानच्या शंका ऐकून माझे कान किटले होते. गेमची गोष्ट लिहिणारे जुने लोक सोडून गेले म्हणे. जग इतकं मोठं केलंय की घोड्यावर नुसतं हिंडत बसायचं. झाडाचं पान न् पान खरं दिसतं, पण त्याखाली भेटणारा म्हातारा तेच वाक्य दहादा बोलतो. मी म्हटलं, तुझ्या सोड्यासारखंच की, बुडबुडे फार. एरवी यावर त्यानं मला सोडलं नसतं. त्या दिवशी नुसता माते, आमचा तो कडू पाल्याचा चहा, नळीनं चोखत बसला.

"नोरा, गेम भिकार निघाला तरी चालेल गं," तो शेवटी म्हणाला. "पण आम्हा दोघांना बोलायलाच काही उरलं नसलं तर?"

मी त्याच्या हातातला माते घेऊन पुन्हा भरला.

मग कंपनीनं एका रविवारपुरता गेमचा तुकडा चाखायला दिला. जेवणं उरकल्यावर हेर्नाननं टेबल पुसलं, स्वच्छ शर्ट घातला आणि कोलोशी जोडून घेऊन त्याचा आवाज मोठा लावून बसला. शर्ट कशाला, कोलोला तो दिसणार थोडाच होता.

सुरुवात अवघडलेली झाली. पोरं कशी आहेत, उकाडा काय म्हणतो, पाठ कशी आहे. लग्नात शेजारी बसवलेले दूरचे पाहुणे बोलतात तसं. पण गेममध्ये पहिला राक्षस अंगावर आला आणि दोघांच्या जिभा सुटल्या. अजून माझ्याच पाठीमागे लपतोस का, गाढवा, असं कोलोनं विचारलं. तुझी पाठ रुंद झालीय, आता दोघं मावतील, असं हेर्नान म्हणाला. दोघं खदखदून हसले. मलाही हायसं वाटलं. म्हटलं, चला, देव पावला.

पुढे एक बंद दार लागलं.

"डावीकडे पेटी आहे बघ," कोलो म्हणाला. "तिच्यातली किल्ली कोहे."

आता हा शब्द. भाषा दोन्हीकडे एकच, पण स्पेनमध्ये 'कोहे' म्हणजे घे, उचल. दिवसभर लहानथोर वापरतात. आमच्याकडे मात्र तो चारचौघांत काढायचा नाही. नवराबायकोनं दार लावून करायच्या गोष्टीचा तो शब्द. पहिल्या भागाचं भाषांतर स्पेनमध्ये झालेलं. त्यात मरणारा राजा डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा, माझी तलवार 'कोहे'. ही दोघं पोरं जमिनीवर लोळली होती. आई चप्पल घेऊन आली, तरी थांबेनात. पुढे कित्येक वर्षं आमच्या जेवणात राजाच्या रडव्या आवाजात मीठ मागितलं जायचं.

म्हणून मी हातातलं भांडं तसंच धरून हसायच्या तयारीत थांबले. पण कोलोनं चेष्टा केली नव्हती. राजाचा आवाज काढला नव्हता. मीठ दे म्हणावं तसं तो सहज बोलून गेला होता; चार वर्षांत तिकडचा शब्द त्याच्या तोंडात बसला होता.

हेर्नानचे हात थांबले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य टाकलं असतं तर कोलोची आयुष्यभराची फजिती झाली असती. आणि अशी संधी माझ्या भावानं आजवर कधी, कोणाच्या बाबतीत सोडलेली नाही.

"ऐकू येतंय ना रे?" कोलोनं विचारलं.

"येतंय," हेर्नान म्हणाला. मग किल्ली उचलली आणि अगदी सरळ आवाजात, तिकडच्याच शब्दात सांगितलं, "कोही." म्हणजे, घेतली.

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. कोलोला काहीच कळलं नाही. म्हणाला, "मग उघड की दार."