ताईचं नाव मी ग्रुपवर टाकलं

लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. आठवीनंतर शाळा सुटली माझी, आणि टाईप पण एका बोटाने करते.

मी धाकट्या डहाणूला मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. ते काम तिथल्याच हर्षाताईने शिकवलं. आठ दिवस तिची बोटींची फाईल उघडत नव्हती. "माझाच हात चुकतो गं," म्हणायची.

आज आमच्या ऑफिसच्या सरांचा मेसेज आला, "सर्व्हरवर कमांड मारून कोणाला काय उघडायची परवानगी आहे ती लिस्ट काढून पाठव."

काळ्या स्क्रीनवर कमांड मारली, लिस्ट आली. सरांना एकट्याला मेसेज करायची मला लाज वाटते, म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. न वाचताच.

ताईच्या नावापुढे सगळीकडे 'डिनाय' होतं. म्हणजे परवानगी नाही. ते फक्त सरच करू शकतात, म्हणजे सरांनीच तिला बंद केलेलं.

ऑफिसात आलेला बर्फवाला राजू मोबाईल बघून लगेच बोलला, "काय ताई, घरी बसवलं काय तुला?" सगळे हसले.

ताईने पिशवी उचलली. "आधी मला दाखवायचं ना गं," एवढंच म्हणाली आणि गेली.

मला तिला सॉरी म्हणायचंय. आता तिच्या घरी जाऊ का मेसेज करू? तुम्ही काय केलं असतं?

आमच्या कोंबडीने आज सात पिल्लं काढली, एरवी ते पण पहिलं ताईलाच सांगितलं असतं.