पार्श्वनाथ आप्पांचा निपाणीतला समुद्र

निपाणीहून समुद्र गाठायचा तर घाट उतरावा लागतो. पार्श्वनाथ आप्पांनी समुद्रालाच घाट चढवून घरी आणलं होतं. खाली त्यांचं पाइप आणि मोटारपंपांचं दुकान, वर घर, आणि घराच्या सोप्यात टीव्हीची जागा बळकावून बसलेली भली मोठी काचेची टाकी. आत खारं पाणी, भोकाभोकांचे समुद्री दगड, त्यांच्यावर बंगळूरच्या व्यापाऱ्यानं टाकीतच वाढवून विकलेली मऊ प्रवाळं आणि दोन मासे. एक हळदीसारखा पिवळा, दुसरा तपकिरी, कायम कुणावर तरी रुसल्यासारखं तोंड करून बसलेला. दोघंही शेवाळ खाणारे. शुद्ध शाकाहारी मासा मिळेल काय, असं आप्पांनी फोनवर विचारलं तेव्हा पलीकडच्या माणसानं प्रश्न दोनदा विचारून घेतला म्हणे.

जैनाच्या घरात मासे म्हणून गल्लीनं हसून घेतलं. आप्पांनी मनावर घेतलं नाही. उलट मासेच घरच्या रीतीला लागले. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकायचं, मग दिवा बंद. पाण्याचा कस आप्पा रोज तपासायचे. नळाच्या पाण्याचा थेंब टाकीत जाऊ द्यायचे नाहीत, कुणी ओल्या हातानं जवळ गेलं तरी ओरडायचे.

आणि त्याच आप्पांच्या डोळ्यांदेखत घात झाला.

अनंत चतुर्दशीला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पंचामृताचा अभिषेक झाला. दूध, तूप, उसाचा रस, हळद, सगळं साग्रसंगीत. आप्पांच्या पत्नी चंदनाक्का अभिषेकाचं तीर्थ, म्हणजे गंधोदक, तांब्यात घेऊन आल्या. घरातल्या सगळ्यांच्या माथ्याला बोट लावून झालं, आणि त्यांची नजर टाकीकडं गेली. माशांच्या माथ्याला बोट लावायचं कसं? आप्पा समोरच पेपर वाचत बसले होते. आक्कांनी विचारलं, आप्पांनी मान वर न करता सांगितलं, "घाल की. त्यास्नीबी पुण्य लागू दे."

आक्कांनी आख्खा तांब्या उपडा केला.

सकाळी टाकीत ताक झालं होतं. वर तुपाचा तवंग, तळाला दोन्ही मासे, आणि प्रवाळं दगडावरनं सायीसारखी सुटून आलेली. देवाचा दोष नव्हता, दुधातुपाचा होता, हे आप्पांना कळत होतं. पण रागवायचं कुणावर? गंधोदकावर रागवावं तर पाप. बायकोवर रागवावं तर परवानगी स्वतःच दिलेली. त्यात क्षमावाणी आली. त्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची असते. आक्कांनी आधी रिकाम्या टाकीला हात जोडले, मग नवऱ्याला. आप्पांना 'उत्तम क्षमा' म्हणावंच लागलं. राग बाहेर पडायला वाट राहिली नाही. मग बस्तीत जाऊन त्यांनी नेम घेतला, या टाकीसाठी नवा जीव म्हणून आणायचा नाही.

त्याच वेळी शेजारच्या खांबाआड उभ्या राहून आक्का नेम घेत होत्या, टाकीत जीव हलल्याबिगर चहाला शिवायचं नाही.

घरी येऊन दोघांनी एकमेकांना सांगितलं, तोवर दोन्ही नेम घेऊन झाले होते.

आक्का म्हणजे गल्लीतल्या पट्टीच्या चहाबाज. चहा सुटला तशी त्यांची कपाळदुखी सुरू झाली, आणि कपाळाचा हिशेब भांड्यांवर निघू लागला. आप्पांना घरात एकट्यानं कप तोंडाला लावायची हिंमत होईना. ते शेजारच्या नागोजी टेम्पोवाल्याकडं चोरून चहा प्यायला जाऊ लागले. नागोजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमी आणायचं न्हाई, आक्कांनी त्याबिगर प्यायचं न्हाई. घराला आतनं कुलूप घालून किल्ली बाहेर टाकलासा की वं!"

राहता राहिले दगड. आता ते गटारीत टाकवतात काय? जैनाच्या घरी पाणी गाळलं की फडक्यातले जीव ज्या आडाचं पाणी त्याच आडात परत सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. दगडाच्या भोकांत काही सूक्ष्म उरलं असलं तर त्याची जिवाणी समुद्रातच सोडायला पाहिजे, असं आप्पांनी ठरवलं. तोवर दगड परसातल्या निळ्या पिंपात, ताज्या खाऱ्या पाण्यात, हवेचा पंप लावून ठेवले.

दगड समुद्राला न्यायला नागोजी टेम्पो घेऊन आला की आप्पांचं काहीतरी निघायचं. आंबोलीत धुकं हाय. आज दुकानात माल उतरणार हाय. आज अमावस्या हाय. अमावस्या जैनांना कधीपासनं आडवी येते, असं नागोजीनं विचारलं, तर आप्पा पिंपात डोकं घालून बसले. समुद्राकडं पाठवायच्या सामानाचं एवढं कौतुक त्यानं कधी बघितलं नव्हतं.

शेवटी आक्काच कंटाळल्या. दगड तरी मार्गी लावा म्हणाल्या. आप्पांनी जड हातानं पहिला दगड बाहेर काढायला धरला, आणि पाण्यात असतानाच त्याच्या भोकातनं दोऱ्यासारखा बारीक, केसाळ हात आला. त्यानं आप्पांचा अंगठा चाचपला आणि परत आत गेला. तारामाशाच्या जातीतलं बारकं पोर. खालच्या बाजूला मसुरीच्या डाळीएवढं हिरवं काहीतरी दगडाला चिकटलं होतं. प्रवाळ. जिवंत.

आप्पांनी दगड हळूच परत ठेवला. जिवाणीच्या नियमानं आता तर समुद्र गाठायलाच हवा. नागोजीनं टेम्पोचं फाळकं उघडून ठेवलेलं.

आक्का पिंपावर वाकल्या. तो हात पुन्हा बाहेर आला होता. त्यांनी विचारलं, "ह्यो कुठल्या पाण्यात जन्मला?"

"टाकीतच. दगड आणले तवा नव्हता."

"मग ज्या पाण्यातला त्याच पाण्यात सोडायचा न्हवं?"

आप्पांनी आपला नेम मनात पुन्हा म्हणून बघितला. आणायचं काहीच नव्हतं. नवं काही नव्हतं.

नागोजीनं फाळकं लावलं आणि म्हणाला, "मी जातो बाबा. घाटात धुकं हाय."

टाकी धुऊन, भरून, पाण्याचा कस जुळेपर्यंत आक्कांनी आणखी कळ काढली. दगड आत गेला. पोर लगेच लपलं. आक्का समोर पाट घेऊन बसल्या. मागं चुलीवर आप्पांनी चहा ठेवला होता, तो दोनदा उतू गेला. मग भोकातनं एक हात निघाला, डुलला. आक्का म्हणाल्या, "आलं घाला त्यात. आणि साखर माझ्या मापानं."

पुढच्या अभिषेकाला आक्का परत तांब्या घेऊन आल्या. आप्पा टाकीला पाठ लावून उभेच राहिले. आक्कांनी त्यांना बाजूला सारलं, गंधोदकात बोट बुडवलं आणि काचेवर, बाहेरनं, टिकली टेकवली.

काचेवर बोटाचा डाग दिसला की आप्पा फडकं घेऊन धावतात. तेवढी एक टिकली सोडून पुसतात.