उन्हातली लाल गाडी

लाल रंग घेऊ नका असं दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चार जणांनी सांगितलं होतं, आणि त्यातली एक मी होते. शोरूममधला माणूस पांढरीच्या मागे लागला होता. आईला चंदेरी आवडली होती. वस्तीतल्या पोरांचा आग्रह निळीचा होता, आणि तो का होता हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. दादा सगळ्यांना मान डोलवत होते आणि कोपऱ्यातल्या लाल गाडीभोवती फेऱ्या मारत होते. जन्मभर झेडपीच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस, पांढऱ्या सदऱ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावला नाही कधी. "हीच घेऊ," ते म्हणाले. "लांबून दिसती."

निवृत्त झाल्यावर माणसं गाव सोडून जालन्याला येतात. हे उलटे गावाला निघाले. आमचं गाव घनसावंगी तालुक्यात आहे, नाव सांगत नाही. मी जालन्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. माझ्याजवळ फ्लॅट बघू, खाली पार्किंग आहे, दवाखाना जवळ आहे, असं मी परोपरीने सांगितलं. "जालन्यात मला कोण वळखतं?" एवढंच त्यांचं उत्तर. ज्या चावडीसमोरून त्यांच्या आजोबांना चपला हातात घेऊन जावं लागायचं, त्या चावडीसमोर त्यांना स्वतःच्या गाडीतून उतरायचं होतं. ते असं बोलून दाखवत नसत. पण मला माहीत होतं, आईलाही माहीत होतं.

आमच्या गल्लीत झाड नाही. घरं एकाला एक लागून, तोंडं पश्चिमेला, दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत ऊन थेट दारात. म्हणून दादा गाडी चावडीसमोरच्या लिंबाखाली लावायचे. तिथे सगळ्यांच्याच गाड्या असतात. दुधाची गाडी, दोन जीप, ट्रॅक्टर. पहिले दोन महिने कुणी काही बोललं नाही. मग दादांच्या जागेवर रोज एक रिकामी ट्रॉली उभी दिसायला लागली. दादा पलीकडे लावायचे, तर दुसऱ्या दिवशी पलीकडे दुसरी ट्रॉली. एकदा दोन चाकांची हवा गेलेली होती.

त्यानंतर दादांचा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता गावात त्याच्या शब्दाला वजन आहे, जमीन आहे. मी त्या दिवशी घरीच होते. पाया पडला. चहा नको म्हणाला, उपास होता. आमच्या घरी आलं की या लोकांचा कुठला ना कुठला उपास असतोच.

"सर, राग मानू नका," तो म्हणाला. "माझं काही न्हाई. पण लोकं बोलू राह्यले. लिंबाखाली देव हाय, बायका पाणी घालायला येतात. गाडी जरा तिकडं घेतली तर बरं."

"दुधाची गाडी राहती की तिथं," दादा म्हणाले.

"ती काय, येती-जाती."

आवाज चढला नाही, कुणी कुणाला वाकडं बोललं नाही. जाताना तो पुन्हा पाया पडला. दादांनी त्याच संध्याकाळी गाडी आमच्या दारात आणून लावली. मी खूप भांडले, त्यांच्याशीच. खरं तर भांडायचं दुसऱ्याशी होतं, पण तो हात जोडून निघून गेला होता आणि दादा समोर होते.

मग दादांनी दारापुढे शेड उभारलं. चार लोखंडी खांब, वर पत्रे. वेल्डिंगवाला जवळच्या कुंभार पिंपळगावहून आला होता. शेड चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी ग्रामपंचायतीचा शिपाई कागद घेऊन आला, रस्त्यावर अतिक्रमण असल्याची तक्रार होती. त्याच रस्त्यावर, चावडीच्या बाजूला, असलीच सहा शेड आहेत, मी चालत जाऊन मोजून आले. दादांना म्हटलं, आपण पण अर्ज करू, त्या सहांचीही नावं टाकू. दादांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि वेल्डिंगवाल्याला फोन लावला. पत्रे घरामागे दगडांवर आडवे टाकून ठेवले. आई त्यावर मिरच्या वाळत घालायला लागली.

पहिल्या उन्हाळ्यात गाडीला काही झालं नाही. आपल्याकडचं ऊन काय असतं हे मी वेगळं सांगायला नको. मे महिन्यात गाडीच्या दाराची कडी फडक्याशिवाय धरता येत नाही. दुसऱ्या वर्षी टप निस्तेज झालं. मग बॉनेट विटकरी दिसायला लागलं, आणि ज्या बाजूला ऊन जास्त ती बाजू दुसरीपेक्षा वेगळी दिसायला लागली. समोरून बघितलं तर एकाच गाडीत दोन लाल. दादांनी कव्हर आणलं. कव्हरखाली धूळ शिरायची आणि वारा सुटला की कापडासकट रंगावर घासायची, म्हणून ते काढून टाकलं.

पुढची चूक माझी आहे. मी जालन्याच्या दुकानातून एक डबा आणला. गाडी चमकवायचं द्या म्हटलं, त्याने दिला, मी काही विचारलं नाही. दादा दर रविवारी सकाळी बादली, डबा आणि जुन्या बनियनचं फडकं घेऊन बसायचे. पहिल्यांदा चमक आली खरी. दादांना इतका आनंद झाला की त्यांनी मला फोन करून सांगितलं. पुढे पुढे फडकं गुलाबी व्हायला लागलं. दादांना वाटायचं, मळ निघतोय. तिसऱ्या वर्षी टपाचा वरचा थर पापुद्र्यांनी सुटला आणि खाली फिकट, खरबरीत डाग दिसायला लागले. गल्लीतली पोरं त्याला गाडीला नायटा झाला म्हणायची.

गेल्या पावसाळ्यानंतर मी त्यांना हट्टाने जालन्याला, बायपासजवळच्या एका पेंटरकडे घेऊन गेले. म्हातारा, हडकुळा माणूस. त्याने टपावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "रबिंग कुणी मारलं?"

मला कळेना. त्याने समजावलं. तो डबा नेहमी वापरायचा नव्हता. ओरखडा काढायला एखाद्या वेळी मारतात, आणि तेही हलक्या हाताने. दर आठवड्याला घासून वरचा काचेसारखा थर आम्हीच काढून टाकला होता. त्याच्या खालचा लाल मग उन्हापुढे उघडाच.

"मीच मारलं," दादा म्हणाले. डबा कुणी आणला ते बोलले नाहीत. मी पण बोलले नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

पेंटरने पेट्रोलचं झाकण उघडलं. आत, जिथे ऊन कधी पोहोचलं नव्हतं, तिथे गाडी शोरूममधल्या दिवशी होती तशीच होती. "हा बघा तुमचा असली कलर," तो म्हणाला. दादा वाकून बराच वेळ बघत राहिले.

"परत लाल होईल का?" मी विचारलं.

"होईल की. पण ठेवता कुठं?"

"उन्हात," दादा म्हणाले.

"मंग पुन्हा हेच होणार, गुरुजी. लाल बिलकुल टिकत न्हाई उन्हात, सगळ्यात आधी तोच उडतो. सावलीत राह्यली असती तर दहा साल काही झालं नसतं. पांढरी करून टाका. पांढऱ्याला ऊन दिसत न्हाई."

मी मध्ये पडले. म्हटलं, लालच करू आणि गाडी माझ्याकडे ठेवू, पार्किंगमध्ये, सावलीत. दादांनी माझ्याकडे बघितलं. "आन् मंग गावात कशातून उतरू?" त्यांनी विचारलं. आणि ते पेंटरला म्हणाले, पांढरी करा. मला त्या क्षणी गावाचा जेवढा राग आला तेवढाच दादांचाही आला. खोटं का बोलू.

गाडी पांढरी झाली की कागदावरचाही रंग बदलून घ्यावा लागतो. आरटीओ कार्यालयाबाहेर एक एजंट टेबल टाकून बसतो, त्याच्याकडे गेलो. फॉर्म त्याने भरला आणि म्हणाला, सोबत एक साधा अर्ज द्या, रंग का बदलायचा ते लिहून. दादांनी खिशातला पेन काढला, प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताठ बसले, समास सोडला, विषय लिहिला. मी मागे उभी राहून वाचत होते. ‘माझ्या राहत्या गावी वाहन उभे करण्यास सावलीची जागा मिळू दिली जात नसल्यामुळे वाहनाचा लाल रंग खराब झाला असून,’ इथपर्यंत त्यांनी न थांबता लिहिलं. गेल्या तीन वर्षांत त्यांनी हे असं तोंडाने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आईला नाही, मला नाही.

एजंटने कागद घेतला, वाचला आणि खाली ठेवला. "सर, असं न्हाई चालत. उद्या कुणी इचारलं, कोण जागा देत न्हाई म्हणून, तर? तुम्हालाच तरास. ‘स्वेच्छेने’ लिहा."

"दुसरं काही कारण चालतं का?" दादांनी विचारलं.

"समदे तेच लिहितात."

"दादा, लिहू नका," मी म्हणाले. "हाच अर्ज देऊ. नाही घेतला तर बघू काय करायचं ते."

मागे लोक खोळंबले होते. कुणीतरी म्हणालं, जल्दी करा. दादांनी नवा कागद मागितला. पुन्हा समास सोडला, पुन्हा विषय, तारीख, तीच घोटीव अक्षरं, आणि ज्या ठिकाणी कारण यायचं तिथे लिहिलं, स्वेच्छेने. खाली सही केली. एजंट म्हणाला, सर, अक्षर लई भारी हाय तुमचं.

दादांनी तो कागद माझ्या हातात दिला. शाळेतल्या सवयीने म्हणाले, "चूक राह्यली का बघ."

मी वाचला. दोनदा वाचला. मग मीच म्हणाले, "नाही, बरोबर आहे," आणि एजंटकडे दिला.