आप्पाच्या काट्यावर तोललेला नंबर

"मास्तर, बोकडाला कापायच्या आदी चार दीस पाला तरी घालतात. माज्या पोराला तुमी उपाशी ठेवताव. मंग कापताव कवा तां पन सांगून टाका."

चिमा खळ्यात बसून नाचणी पाखडत होती. बोलताना तिचं सूप थांबलं नाही. खळ्याच्या तोंडाशी सायकल धरून भास्कर मास्तर उभे होते. आमच्या हायस्कुलात ते कवायत शिकवायचे आणि कबड्डीचा संघ सांभाळायचे. माणूस रत्नागिरी शहरातला. 

"शिवाच्या आई, फक्त रात्रीचं जेवण बंद करा म्हणतोय. स्पर्धेपर्यंत."

"आनि सकाळची पेज?"

"पेज... अर्धी वाटी."

"अर्धी वाटी आमी मांजरीला घालताव."

मेरेपलीकडं, शेजारच्या खळ्यात, गोवऱ्या थापणारी सोनूबाई फिसकन हसली. मास्तरांनी सायकल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दोन वर्षं आपला तालुक्यात पहिला नंबर आहे. यंदा टिकला की फिरती ढाल कायमची आपल्या शाळेत राहील."

"नंबर टिकला म्हंजे काय व्हतां?"

"यादीत आपलं नाव सगळ्यांच्या वर लागतं. पहिली फेरी खेळावी लागत नाही. सरळ पुढच्या फेरीत."

"म्हंजे खेळाया लागू नये म्हनून पयला यायाचां?" चिमानं सुपातला कोंडा फुंकला. तो सगळा मास्तरांच्या पँटीवर गेला. "जावा मास्तर. पोरगा गुरांकडं गेलाय. आला की सांगतंय त्याला."

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा शाळांची कबड्डी वजनावर चालायची. पोरगा केवढा वाढलाय ते कुणी बघायचं नाही, काट्यावर किती भरतोय ते बघायचे. आमची शाळा पंचेचाळीस किलोच्या गटात नावाजलेली, आणि नावाजलेली ती शिवामुळं. चढाईला गेला की दोघांना तरी शिवून येणार. अंगाला तेल लावल्यासारखा निसटायचा. पण नववीत आल्यावर त्याचे हातपाय वेलासारखे सुटले. मिसरूड फुटली. पंचेचाळीस किलोला मात्र ना हात फुटले ना मिसरूड.

नंबराचं खूळ एकट्या मास्तरांचं नव्हतं. शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं होतं, 'कबड्डीत तालुक्यात प्रथम'. त्याखाली दुसऱ्या वर्षाची ओळ. तिसऱ्या ओळीसाठी गणपतीतच चुना मारून जागा करून ठेवली होती. मुंबईला गावकऱ्यांच्या खोलीवर संध्याकाळी जेवायला बसले की वरच्या वाडीच्या आणि खालच्या वाडीच्या लोकांचं एरवी कशावरून जमायचं नाही, नंबरावरून जमायचं. शिवाचा बापूस लवू तिथंच असायचा. शिमग्याला आला तेव्हा एसटीतून उतरल्या उतरल्या कंडक्टरला म्हणाला, "पयल्या नंबरचा बापूस हाय मी, पिशवी वायच सांबाळून द्या." घरी मात्र त्यानं पोराला किती खातोस ते विचारल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

चिमाचं माहेर वेळणेश्वराच्या वरच्या अंगाला. लग्न होऊन आली तेव्हा चार महिन्यांनी नवरा मुंबईला गेला, तो सणावाराला पाहुणा म्हणून यायला लागला. भात, नाचणी, एक म्हैस, सड्यावरची काजूची दहाबारा झाडं, सगळं तिच्या गळ्यात. कधी बघावं तर डोक्यावर काहीतरी असायचंच, तोडलेल्या डहाळ्यांचं कवळ, नाहीतर गवत, नाहीतर शेण. मान त्यामुळं एका बाजूला किंचित कललेली. दमलीस काय गो, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "आदी निजू दे, मंग बगू."

गेल्या वर्षी स्पर्धा जिंकून शिवा गावात आला तो पोरांच्या खांद्यावरून. गळ्यात झेंडूचा हार. ढोल वाजला, गुलाल झाला. दिवेलागणीला चिमा म्हशीचं दूध काढायला गोठ्यात गेली, तर पोरगा तिथं अंधारात बसलेला. म्हशीसाठी भिजवलेली पेंड मुठीनं खात होता. हार गळ्यात तसाच. घरात मागायची सवयच मोडली होती त्याची.  तिनं त्याला हात धरून न्हाणीशी नेलान, हात धुतलान, पाटावर बसवलान आणि वाढलान. तेव्हापासून नंबर म्हटला की तिला पेंडीचा वास यायचा.

तर यंदा मास्तर सांगून गेले, आणि शिवानं ते ऐकलंसुद्धा. त्याचा आईवर भरवसा नव्हता, मास्तरांवर होता. रात्री ताट सरकवायचा. पेरूचा पाला चघळत बसायचा.

"आवशी, मी नाय जेवलो तं मरत नाय."

"तू मरनार नायस. पन नांगर कोन धरंल, म्हस?"

"नंबर गेला तं?"

"गेला तं गेला. तो काय तुज्या आज्यानं ठेवलेला हाय?"

पोरगा तोंड फिरवून निजायचा. निजायचा कसला, पोटाशी गुडघे घेऊन पडायचा. चिमाला चुलीजवळून ते दिसायचं.

आता गंमत अशी झाली, की आधीची दोन वर्षं पोरांना दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या उभ्या काट्यावर तोलायचे. यंदा त्याची स्प्रिंग गेली. नवा काटा येईल म्हणून वरून सांगितलं, म्हणजे काही येणार नाही हे सगळ्यांना कळलं. तेव्हा शाळा कमिटीचा आप्पा शेठ पुढं झाला. त्याचं दुकान एसटीच्या थांब्याशी. मे महिन्यात सगळ्या गावच्या काजूबिया तोच घ्यायचा. पडवीच्या वाशाला मोठा काटा टांगलेला, एका पारड्यात माणूस मावेल एवढा.

"गावच्या नंबरासाठी काटा फुकट," असं आप्पानं जाहीर केलान.

आप्पाच्या काट्याबद्दल काय सांगायचं! गावातली शेंबडी पोरंसुद्धा सांगतील. त्याच्या मापांच्या बुडाला शिसं ओतलेलं आहे असं लोक म्हणायचे. घरी मापून नेलेल्या बिया त्याच्याकडं कायम कमी भरायच्या. बाया तोंडावर हात ठेवून शिव्या घालायच्या आणि पुढच्या वर्षी परत तिथंच न्यायच्या, कारण दुसरा घेणारा नव्हता. पण दर शनिवारी शिवाला त्या पारड्यात मांडी घालून बसवलं तेव्हा हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. काटा चोर आहे तो बियांना. गावच्या नंबराशी कोण चोरी करील? आप्पाचा स्वतःचा तर प्रश्नच नव्हता. ती मापं इतकी वर्षं वापरून त्याला खरीच वाटायला लागली होती.

पहिल्या शनिवारी चिमा मीठ घ्यायला म्हणून दुकानात आलेली. आप्पानं एक एक माप चढवलान, दांडी सरळ झाली.

"चव्वेचाळीस!" आप्पा ओरडला.

पोरांनी टाळ्या पिटल्या. मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांना चिमा दिसली.

"बघा शिवाच्या आई, उगाच घाबरत होतो. अजून किलोभर जागा आहे. रात्रीची भाकरी द्या आता त्याला."

चिमानं पारड्यातल्या पोराकडं बघितलान. मग मापांकडं. तिला तिथल्या तिथं कळलं. बोलली असती तर त्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं, मापं तपासली गेली असती, आणि पोरगा परत पेरूच्या पाल्यावर आला असता. तिनं मिठाची पुडी पदरात बांधलीन.

"व्हय मास्तर. तुमी सांगताव तं वाढतंय."

त्या रात्री शिवा दोन भाकऱ्या जेवला. दुसऱ्या दिवशी पेज, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी. पुढच्या शनिवारी आप्पाचा काटा परत तेच म्हणाला, फार तर रतीभर पुढं. पोराच्या गालावर मांस दिसायला लागलं. मास्तर म्हणाले, सराव चांगला चाललाय म्हणून चेहरा भरलाय. चिमा रोज वाढायची आणि रोज मनात म्हणायची, आता स्पर्धेला काय व्हायचं ते होईल. असं म्हटल्यानं तिला झोप लागत होती असं नाही.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे शिवा पेज पिऊनच एसटीत बसला.

तालुक्याच्या मैदानावर सरकारी दवाखान्याचा काटा आणलेला. शिवा चढला. पंचांनी बघितलं, परत बघितलं. दोन किलोच्या वर जास्त. मास्तर म्हणाले, काटा चुकतोय. पंच म्हणाले, मग बाकीच्या पोरांचा बरोबर कसा? तासाभराची मुदत मिळाली. मास्तरांनी शिवाला गोणपाट पांघरवून मैदानाभोवती पळवलं. थुंकायला लावलं. लंगोटावर चढवला. तरी कमी पडेना. तेव्हा बरोबर आलेल्या केरूनं, म्हणजे वरच्या वाडीच्या पुढाऱ्यानं, अक्कल चालवलीन. नाक्यावरच्या न्हाव्याला आणून पोराचं डोकं भादरून घेतलान. दाट केस, भिजलेले, काहीतरी भरतील म्हणून.

काट्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

शिवाशिवाय संघ उतरला. पहिली फेरी मोकळी होती, दुसरीत वेळणेश्वराकडच्या पोरांनी आमच्या पोरांना उचलून उचलून रेषेबाहेर ठेवलं. ढाल तिकडं गेली, नंबरही.

संध्याकाळी शिवा पाणंदीतून घरी आला. चिमा भांडी घासत होती. तिनं पोराचं डोकं बघितलान आणि हातातली राख तशीच राहिली. आमच्याकडं पोराचं डोकं असं भादरतात ते आईबाप गेल्यावर. सोनूबाईनं मेरेवरून बघितलं आणि हंबरडाच फोडलान, "लवू गेला काय गो बाय!" बघता बघता चार बाया गोळा झाल्या. लवू मुंबईला धडधाकट आहे हे पटवून देण्यात अर्धा तास गेला.

तेवढ्यात मास्तर, केरू आणि आप्पा खळ्यात येऊन उभे राहिले.

"चिमा, खरां बोल," केरूनं सुरू केलान. "पोराला काय खायाला घातलंस?"

"त्याच्या आदी तू बोल. त्याचा बापूस जिता असताना डोकां कोनी भादरलान?"

"वजनासाठी—"

"उद्या हात कापशील वजनासाठी. हाताचां वजान केसापरास जास्त भरतां."

बायांमधून हसू आलं. केरूनं खाली बघितलान. आप्पा पुढं झाला.

"अगं पन माज्या काट्यावर पोरगा शनिवारपर्यंत बरोब्बर भरत व्हता. एका दिसात दोन किलो वाढला? म्हंजे तू पहाटे काय पोत्यानं भात घातलास?"

चिमानं हात पदराला पुसलान. आवाज चढवला नाही. ती दमलेली होती आणि आवाज चढवायला पण अंगात काहीतरी लागतं.

"आप्पानु, तुमच्या काट्यावर माज्या बिया कंदी पुऱ्या भरल्या? मंग पोर कसा पुरा भरंल?"

 सोनूबाई म्हणाली, "माज्या पन नाय भरल्या." मग दुसरी म्हणाली, "माज्या पन." आप्पाला अचानक दुकान उघडं टाकून आल्याची आठवण झाली. केरूही त्याच्या मागोमाग गेला.

मास्तर राहिले.

"तुम्हाला पहिल्या शनिवारपासून ठाऊक होतं?"

"व्हतां."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तं तुमी पेज थांबवली असती."

मास्तर खळ्याच्या दगडी गडग्यावर टेकले. चपलेनं माती उकरत राहिले. "दोन वर्षं मी तो नंबर घेऊन फिरलो. रत्नागिरीला बैठकीत विचारतात, कुठली शाळा? सांगितलं की म्हणतात, हां हां. पुन्हा पुढच्या वर्षी विचारतात, कुठली शाळा?" मग म्हणाले, "तुमचं चुकलं असं म्हणवत नाही. पण त्या सहा पोरांचं काय चुकलं होतं?"

चिमा परत भांड्यांशी बसली आणि राख लावायला लागली. 

पडवीच्या दारात शिवा उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"तुला म्हाईत व्हतां आवशी?"

"व्हय."

तो आत गेला. रात्री ताट वाढलं तर उठला नाही. वजनाची गरज सरली होती, तरी पोरगा उपाशी निजला, आणि ह्या वेळी मास्तरांनी सांगितलेलं नव्हतं. चिमानं भाकरी झाकून ठेवलीन. तीही जेवली नाही, पण ते कुणी बघितलं नाही.

सकाळी कवळ तोडायला जायचं होतं. ऐन-किंजळीचे डहाळे तोडून वाळवले नाहीत तर पुढं भाताच्या रोपांसाठी तरव्याची जमीन भाजायला काही उरत नाही, आणि झाडावर चढणारा घरात एकच. शिवा कोयता कमरेला अडकवून पुढं चालला. मागून चिमा, डोक्यावर दोर आणि पेजेची तपेली.  गुराखी पोरांनी लांबून हाक मारली, "गोट्या! नंबर कितवा रे?" शिवानं तिकडं बघितलं नाही.

चिमानं तपेली किंजळीच्या मुळाशी ठेवलीन. बोलावलं नाही. डहाळे पडत राहिले, ती गोळा करत राहिली. ऊन वर आलं तेव्हा शिवा खाली उतरला, तिच्याकडं पाठ करून बसला आणि तपेली तोंडाला लावलीन. खालची शितं बोटानं पुसून खाल्लीन. मग तोंड पुसून परत चढला.

वर फांदी करकरली.

"वायच बुंद्याकडनं ऱ्हा," चिमा म्हणाली. "आता भारी झालायस."

 वरून डहाळा तेवढा आला, तिच्या पायाशी. तिनं दोर पसरलान, कवळ रचलान, त्यावर गुडघा दिला आणि भारा आवळायला घेतलान.