न गाळलेली ओळ

सभागृहात तिला सगळे पेन्सिलबाई म्हणत. सव्वीस वर्षं सभापतींच्या पायरीखालच्या टेबलाशी बसून सदस्यांचं बोलणं लघुलिपीत उतरवायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, ही तिची नोकरी. सरकारं आली नि गेली. बाई आपली मान खाली घालून लिहितेय.

त्या दिवशी कामगार वस्तीतल्या नव्या कॉलेजला सनद द्यायची की नाही, यावर चर्चा होती. एक ज्येष्ठ सदस्य उठले. बड्या घरचे, गोड गळ्याचे. म्हणाले, "भांडी घासणाऱ्यांच्या पोरींना पदव्या वाटल्या, तर आपली भांडी कोण घासणार?" सभागृह खो खो हसलं. बाईची कानशिलं तापली, पण हात थांबला नाही. तिने वाक्य लिहिलं आणि रिवाजाप्रमाणे पुढे कंसात लिहिलं: हशा.

टाइप झालेलं भाषण सदस्याकडे तपासायला जातं. त्यांनी व्याकरण सुधारावं, बस्स. यांनी अख्खं वाक्यच खोडलं आणि वर लिहिलं, गरीब मुलींच्या शिक्षणाची मला कळकळ आहे. हे असंच छापलं, तर कॉलेज लांबणीवर टाकायची त्यांची सूचना सोज्वळ ठरणार, उद्याच्या मतदानात कुंपणावरची मतं तिकडे जाणार आणि कॉलेज बुडणार, हे बाईला स्वच्छ दिसत होतं. तिने ती दुरुस्ती न घेता कागद परत पाठवला. वरिष्ठांनी समजावलं: निवृत्ती चार महिन्यांवर आलीय, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? बाई म्हणाली, नोकरी घ्या, वाक्य मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सदस्यांनी भर सभागृहात हात वर केले. आपण असं बोललोच नाही, लिहिणाऱ्या बाईंच्या कानांचा दोष, म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! सभापतींनी बाईला वही वाचायला सांगितली. सव्वीस वर्षांत प्रथमच तिचा आवाज तिथे ऐकू आला. तिने वाक्य वाचलं. मग "हशा" हेही वाचलं आणि मान वर करून एकेका बाकाकडे पाहिलं. काल पोट धरून हसलेले आज चष्मे पुसत होते. सनद तीन मतांनी मंजूर झाली.

जिन्यात त्या सदस्यांनी तिला गाठलं. एवढी एक ओळ गाळली असती तर तुमचं काय जात होतं, असं विचारलं.

"माझ्या आईने ही ओळ चार घरांत जन्मभर ऐकली, साहेब," बाई म्हणाली. "तिला लिहिता येत नव्हतं."