आठ जणींतली एक

माझ्या सासूबाईंना, म्हणजे मंदाकिनीबाईंना, बादली काठोकाठ भरलेली खपत नाही. अर्धी झाली की नळ बंद. आमच्या आंबिवलीत पाणी येतं तेवढ्या वेळात अर्ध्या-अर्ध्या बादल्या मांडून त्या मोरीत पाय ठेवायला जागा उरू देत नाहीत, आणि त्यावरून आमची रोज एक चकमक उडते. पिंपावर झाकण, झाकणावर वरवंटा. माझ्या नवऱ्याला, साईनाथला, त्यांनी पोहायला शिकू दिलं नाही. गणपती विसर्जनाला त्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत येतात आणि तिथूनच हात जोडून मागे फिरतात. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाई जरा चक्रम आहेत. पुढे कळलं की यातलं काहीच त्या स्वतःसाठी करत नव्हत्या. हे सगळं रतनसाठी होतं.

रतन ही माझ्या सासऱ्यांची पहिली बायको, साईनाथची जन्मदाती. काळू नदीवर गोधड्या धुवायला गेली आणि पाय घसरून वाहून गेली. साईनाथ तेव्हा जेमतेम बसायला लागला होता. सासरे, धोंडिबा, खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. दिवसभर गाड्यांखाली पडलेला माणूस तान्ह्या पोराकडे कुठे बघणार? वर्षाच्या आत ओतूरकडची मंदाकिनी करून आणली. बिजवराला दिलेली पोर. लग्नात मंगळसूत्राच्या आधी तिच्या गळ्यात पडला तो रतनचा टाक.

टाक म्हणजे अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा. त्यावर ठोकून उठवलेली एक बाई: डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, एक रेघ नाकाची, एक तोंडाची, दोन्ही हात अंगाशी. आमच्यात दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीला असं गळ्यात वागवायचं असतं. नवी साडी आधी तिला दाखवायची, मग नेसायची. सणाचा पहिला घास तिचा. तिचा मान राखला की ती रुसत नाही, आणि मागे राहिलेल्या लेकराला आपल्याकडे ओढून नेत नाही. हा शेवटचा भाग सांगताना सासूबाई अजूनही आवाज खाली आणतात.

त्यांनी मान राखला, तोही असा की सख्ख्या बहिणीचा कुणी राखणार नाही. त्या तिला ताई म्हणत. भाजीत मीठ जास्त पडलं तर ‘ताई, आज सांभाळून घे’, साईनाथ दहावी झाला तर ‘ताई, पोरगा सुटला’. आंघोळीआधी टाक उतरवून खिडकीत कोरड्या पंच्यावर ठेवत, कारण ताईला पाण्याची भीती. दंतमंजनाने घासत, पण धूत नसत. रतनचा फोटो घरात एकही नव्हता. लहानपणी साईनाथने ‘ती कशी दिसायची?’ असं विचारलं की सासूबाई गळ्यातला टाक पुढे करत आणि म्हणत, ‘ही बघ, अशी.’ त्यांनीही रतनला कधी पाहिलेलं नव्हतं. पण त्या अगदी मनापासून तसं समजत होत्या, हे मला नंतर कळलं.

सासरे गेले तेव्हा मंगळसूत्र उतरलं, टाक उतरला नाही. गेल्या वर्षी मात्र सासूबाईंच्या छातीत दुखलं, चार दिवस कल्याणला ॲडमिट होत्या, आणि तिथून आल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला. माझ्यामागे ताईचं काय? रीत अशी की टाक वागवणारी गेली की टाकही पाण्यात सोडायचा. तो पुढे कुणाच्या गळ्यात घालता येत नाही, कारण सवतीची जागा सुनेला मिळत नाही.

“पाण्यात गेलेल्या बाईला परत पाण्यात सोडायची?” त्या म्हणायच्या. “मी वर कोणत्या तोंडाने भेटू तिला?”

मी चिडायचे. एवढ्याशा चांदीच्या तुकड्यावरून घर डोक्यावर घ्यायचं म्हणजे काय? पण दुपारी त्या टाकावर हात ठेवून बसलेल्या दिसल्या की मीही नरमायचे.

अशात आमच्या शर्वीच्या बालवाडीतून निरोप आला, की रविवारी मुलांना एखादं म्युझियम दाखवून आणा. घोडबंदर रोडला टॉवरांच्या मधोमध एक जुना बंगला शिल्लक आहे, तिथे कुणा हौशी माणसाने जमवलेली गावाकडची भांडी, दागिने, देव असं सगळं मांडलंय. तिथे टाकही असतात, असं मी सहज बोलून गेले. सासूबाईंनी हातातला चहा खाली ठेवला.

“काचेत ठेवतात?”

“हो.”

“मग पाणी नाही लागणार.”

साईनाथला हे पसंत नव्हतं. शेवटी बूट घालता घालता म्हणाला, “ने तिला. काचेत काय होईना, कोरडी तरी राहील.” आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

रविवारी आम्ही तिघी निघालो. ठाण्याहून बसमध्ये बसलो. खोपट आलं तेव्हा सासूबाईंनी डेपोकडे बघून पदर सारखा केला. माजिवड्याच्या पुढे नेहमीसारखं सगळं ठप्प. शर्वी, वय वर्षं पाच, खिडकीतून टॉवरचे मजले मोजत होती आणि दर वेळी पंधरानंतर चुकत होती. सासूबाईंनी मूठ गळ्याशी धरली होती. त्यांचे ओठ हलत होते. जागा चांगली आहे, वर छप्पर आहे, राखण आहे, असं त्या कुणालातरी समजावत होत्या.

म्युझियमचं काम बघणारी प्रियांका नावाची मुलगी होती, लाघवी, पंचविशीची. तिने शर्वीला जातं फिरवू दिलं, पितळी घागर वाजवू दिली. शर्वी खूश. मग सासूबाईंनी दोऱ्यासकट टाक काढून तिच्या तळहातावर ठेवला.

“हिला इथे ठेवून घ्या. फक्त नाव लिहा बाजूला. रतन धोंडिबा, आंबिवली.”

प्रियांकाने दोन्ही हातांनी टाक घेतला. “काकू, इथे अज्ञात स्त्री लिहिलेलेच टाक येतात सगळे. नावासकट पहिल्यांदाच कुणीतरी आणलाय.” तिचे डोळे खरोखर भरून आले होते. तिने फोटोसाठी काळा दोरा हलकेच सोडवला. टेबलावर मखमलीचा एक तबकासारखा ट्रे होता, त्यात आधीच सात टाक होते, एका सोनाराकडे मोडीत आलेले, त्याच आठवड्यात. त्यांना अजून नंबर पडले नव्हते. रतनला तिने त्यांच्या शेजारी ठेवलं आणि कॅमेरा आणायला आत गेली.

सासूबाई खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. “मला बघवत नाही गं,” म्हणाल्या. मी व्हरांड्यात येऊन साईनाथला फोन लावला, की झालं बाबा, ठेवलं तुझ्या आईला. तो ‘हं’ एवढंच म्हणाला.

आत आले तर शर्वी खुर्चीवर गुडघे टेकून ट्रेवर वाकलेली. आठही जणी तिने गोल मांडल्या होत्या, मध्ये प्रियांकाचा खोडरबर.

“मम्मा, बघ ना! भोंडला खेळतायत. हा हत्ती. आणि त्या फिरतायत.” असं म्हणून तिने तळहाताने सगळ्यांना आणखी एक फेरा दिला.

सासूबाई वळल्या. त्या ट्रेजवळ आल्या, हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. आठ बाया. सोळा ठिपके डोळ्यांचे. तीच रेघ नाकाची, तीच तोंडाची, हात तसेच अंगाशी. सगळ्या कुणा ना कुणाच्या गळ्यात झिजलेल्या, सगळ्यांच्या कडा तितक्याच गुळगुळीत. मी आठ वर्षं रोज तो टाक बघत होते आणि आता मला त्याची एक खूण सांगता येत नव्हती. पण मला न येणं वेगळं.

“शर्वी, आपली कुठली गं?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“ही,” शर्वी म्हणाली. आजीचा चेहरा बघून घाबरली. “नाही, ही. थांब, ही.” आणि रडायला लागली.

प्रियांका कॅमेरा घेऊन आली ती दारातच थिजली. सासूबाईंनी एकेक टाक उचलून गळ्याच्या खळग्यात धरला, डोळे मिटून. पहिला. दुसरा. तिसऱ्याला त्या थांबल्या, मला वाटलं ओळख पटली. मग सहाव्यालाही तशाच थांबल्या. सगळे झाल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि ट्रेकडे बघून त्यांनी हाक मारली, “ताई?”

त्या खोलीत वरचा पंखा फिरत होता, बाहेर हॉर्न वाजत होते. आपण एकविसाव्या शतकात घोडबंदर रोडला बसलोय हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी त्या आठ तोंडांकडे बघत राहिले, एखादं हलतंय का म्हणून. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली.

“मी हिला तिचा चेहरा समजत होते,” सासूबाई म्हणाल्या. “साईनाथला सांगितलं, तुझी आई अशी होती. सोनाराकडे एकच साचा होता गं. सगळ्या मेलेल्यांना एकच तोंड.”

मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. “आई, घ्या यातली एक आणि चला. देवाला काय, भावना कळते.”

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. “यातली एक? माझ्या साईनाथला तुझ्याऐवजी अशीच कुठलीतरी एक बायको आणली असती तर चाललं असतं तुला?”

प्रियांका बिचारी हात जोडत होती. चूक माझी काकू, आम्ही जाणकारांना दाखवू, काहीतरी कळेल. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “एक उचलून नेली, आणि ती नसली, तर ताईला मी परक्यांत टाकून गेले असं होईल. आणि भलतीच बाई माझ्या नातीच्या घरात येईल. इथे आठांत ती आहे, एवढं तरी नक्की. राहू दे सगळ्यांना.”

“नाव काय लिहू काकू?”

“काय लिहिणार? कुणालाही लिही रतन, उरलेल्या सात जणी बघत राहतील.”

येताना बसमध्ये शर्वी त्यांच्या मांडीवर झोपली. सासूबाईंची मूठ पुन्हा गळ्याशी गेली, तिथे काही नव्हतं, आणि मूठ तशीच मिटलेली राहिली.

त्यानंतर घरात काही घडलं नाही. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. दसऱ्याला मी आणलेली साडी सासूबाईंनी घडी मोडून छातीशी धरली, थांबल्या आणि परत घडी घालून कपाटात ठेवली. दाखवायची कुणाला? ती अजून तशीच आहे. दाराची बेल वाजली की आधी त्या शर्वी कुठे आहे ते बघतात, मग दार उघडतात. आणि मीही हल्ली शर्वीला आंघोळ घालताना बादली अर्धीच भरते. कुणी विचारलं तर पाणी वाचवते म्हणून सांगते.

साईनाथला सगळं सांगितलं होतं सासूबाईंनी, त्याच दिवशी, समोर बसवून. “तुझ्या आईचा चेहरा मला ठाऊक नाही. मी तुला चुकीचं सांगितलं.” तो ‘असू दे’ म्हणाला आणि उठला. पुढे कित्येक दिवस त्याने विषय काढला नाही. मी म्हटलं, पुरुषांचं बरं असतं.

मग परवाच्या रविवारी तो आपणहून म्हणाला, “चल आई, म्युझियमला जाऊ.”

आठही जणी आता काचेत होत्या, एका ओळीत, निळ्या कापडावर. खाली पाटी होती: स्त्रियांचे टाक, नावे अज्ञात. प्रियांका बाजूला झाली. शर्वी माझं बोट घट्ट धरून उभी होती. सासूबाई काचेला हात न लावता म्हणाल्या, “यातच आहे रे कुठेतरी.”

चाळिशीला टेकलेला माझा नवरा पहिल्या टाकासमोर उभा राहिला. हात जोडले, पटकन वाकला. दुसरीसमोर जरा जास्त वेळ. तिसरीसमोर त्याने डोळे मिटले. पाचवीपाशी तो पुटपुटू लागला, काय ते ऐकू आलं नाही. आठवीसमोर तर तो इतका वेळ उभा राहिला की मागे आलेलं एक कुटुंब वळसा घालून पुढे गेलं.

आम्ही दारापर्यंत आलो. साईनाथने चपला पायात घातल्या, मग पुन्हा काढल्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“पहिलीला मी घाईत केला नमस्कार,” तो म्हणाला. “तीच असली तर?” आणि तो आत गेला.